तेविसाव्या वर्षीचे दोघे

चि. सोनू हिस,


गणिताच्या नेट परीक्षेत जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, थोडक्यात हुकली आणि ‘चोविसाव्या वर्षीच मी मागे पडले’ असं तू आईजवळ बोललीस म्हणे. ताईने तासाभरात मला फोन केला. तिच्या पोटात काही राहत नाही हे तुला ठाऊक आहेच.

मागे पडण्याचं म्हणतेस, तर ऐक. धोंडो केशव कर्वे 1881 साली मॅट्रिक झाले, तेविसाव्या वर्षी. त्याआधी एकदा मुरूडहून साताऱ्याला परीक्षेसाठी पायी गेले होते, घाट चढून. तिथे ‘वयाने लहान दिसतोस’ म्हणून त्यांना बसूच दिलं नाही. 1884 मध्ये एल्फिन्स्टनमधून गणित घेऊन बी. ए. झाले, मग सात वर्षं मुंबईत शाळा आणि शिकवण्या. टिळकांनी सोडलेली फर्ग्युसनमधली गणिताची जागा गोखल्यांच्या बोलावण्यावरून त्यांना मिळाली ती 1891 मध्ये.

त्यांच्याच नात्यातले, मुरूडशेजारच्या मुर्डीचे रघुनाथ परांजपे केंब्रिजला गणितात पहिले, म्हणजे सीनियर रँग्लर झाले, 1899 साली. वय? तेविसावं! पुढे 1902 मध्ये ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि अठरा वर्षांनी मोठे असलेले कर्वे 1914 पर्यंत त्यांच्या हाताखाली गणित शिकवत राहिले. त्याचा कमीपणा कर्व्यांना वाटला असेल असं मला तरी वाटत नाही. निवृत्तीनंतर दोन वर्षांत त्यांनी महिला विद्यापीठ काढलं.

आता एक मात्र मोकळेपणाने सांगतो. हे दोघेही शिकवणारे. रँग्लर झाले तरी परांजप्यांच्या नावाचं प्रमेय काही आपण शिकत नाही. तुला संशोधन करायचं असेल तर नुसतं शिकवत राहून ते होणार नाही. म्हणून तासिका तत्त्वावरची नोकरी धरू नकोस. दोन कॉलेजांत धावपळ करून संध्याकाळी पुस्तक उघडायचं त्राण उरत नाही. माझी ऐन उमेदीची चार वर्षं त्यातच गेली. प्राध्यापकीसाठीची सेट परीक्षा देऊन ठेव, पण लक्ष राष्ट्रीय उच्चतर गणित मंडळाच्या (एनबीएचएम) पीएच.डी. शिष्यवृत्तीवर असू दे. आणि उत्तरं पाठ करण्याऐवजी रोज एक सिद्धता पुस्तक मिटून लिहून काढ. अडशील तिथे खूण कर, रविवारी फोनवर बघू.

शिष्यवृत्तीच्या फॉर्मची शेवटची तारीख आजच बघ आणि भरलास की ताईच्या आधी मला कळव.

तुझा,
मामा