ऑनलाइन सट्टा : हिशेब आणि कायदा

ऑक्टोबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवड पोलीस दलातील एका उपनिरीक्षकास क्रिकेटच्या ऑनलाइन संघनिवड खेळात दीड कोटी रुपयांचे बक्षीस लागले. काही दिवसांतच त्यास निलंबित करण्यात आले. जिंकणाऱ्याची वार्ता सर्वत्र होते. हरणाऱ्यांची होत नाही. म्हणून चाकण पट्ट्यातील तरुण कामगाराने या व्यवहाराचा हिशेब समजून घेणे अगत्याचे आहे.

समजा, दोन संघ तुल्यबळ आहेत व दोघांवर शंभर-शंभर रुपये लागले. जमा झाले दोनशे. विजेत्यास मात्र १९० रुपयेच मिळतात. उरलेले दहा रुपये सट्टा चालविणाऱ्याचे. सामना क्रिकेटचा असो वा परदेशातील रग्बीचा, ही कपात टळत नाही. जितके डाव अधिक, तितका पगार अधिक झिजतो.

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या कायद्यान्वये पैशाचे ऑनलाइन खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. खेळणाऱ्यास या कायद्यात शिक्षा नाही. तेव्हा फसवणूक झालेल्याने संकोच न करता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

शिक्षकांनी हा हिशेब वर्गात आणि पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत मांडल्यास अनेक घरांचा पगार घरातच राहील.