आवाज मध्येच जातो, मध्येच येतो : व्हॉल्व्ह अँपची तपासणी आणि तिचं बिल

साफ बंद पडलेली वस्तू दुरुस्त करणं त्यातल्या त्यात सोपं असतं. दोष समोर बसलेला असतो. डोकं फिरवतं ते "कधी चालतं, कधी बंद पडतं" म्हणणारं गिऱ्हाईक. दुकानात अँप दोन तास मस्त वाजतो, आपण परत देतो आणि शनिवारी स्टेजवर दुसऱ्याच गाण्याला आवाज गायब! अँप कुणाचाही असो, नाव जातं दुकानाचं.

व्हिडिओत दाखवलेली पद्धत इथे क्रमाने लिहून देतोय. उदाहरण गिटारच्या व्हॉल्व्ह अँपचं आहे. नाशिकमध्ये असे अँप कमी, पण आहेत. २००८ला सुरू झालेला सुलाफेस्ट, वायनरीतली लाइव्ह गाणी, कॉलेजचे बँड यामुळे गिटारवाले इथे वाढले. व्हॉल्व्ह हाताळणारे कारागीर मात्र हातावर मोजण्याइतके. म्हणजे संधी आहे.

१. अँप घेताना चार प्रश्न विचारा

- चालू केल्यावर किती वेळाने आवाज जातो?
- एकदम जातो की हळूहळू कमी होतो?
- आवाज गेल्यावर स्पीकरमधली बारीक घूं-घूं किंवा सूं-सूं राहते का?
- अँपला धक्का दिला, वायर हलवली की परत येतो का?

उत्तरं जॉबकार्डवर लिहा. घूं-घूं राहत असेल तर स्पीकर आणि शेवटची बाजू बहुतेक ठीक असते, दोष अलीकडे शोधायचा. सगळंच शांत होत असेल तर स्पीकर, त्याची वायर, पॉवर व्हॉल्व्ह किंवा सप्लायकडे बघायचं. वीस मिनिटांनी जात असेल तर उष्णतेचा संशय घ्यायचा.

२. आधी जीव, मग जॉब

व्हॉल्व्ह अँपच्या आत ३०० ते ५०० व्होल्ट डीसी असू शकतो. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तो साठून राहतो. ज्याला कपॅसिटर रीतसर डिस्चार्ज करून मीटरने खात्री करता येत नाही, त्याने चेसिस उघडायची नाही. पुढच्या पहिल्या पाच पायऱ्या न उघडता होतात.

दुसरी गोष्ट, स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्ह अँप चालू करू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. स्पीकर बदलून बघायचा असेल तर आधी अँप बंद करा आणि ओहम जुळवून घ्या.

३. तपासणीचा क्रम

पहिली पायरी : दुकानाची खात्रीची गिटार आणि केबल लावा. मधले सगळे पेडल काढा. दोष कित्येकदा केबलमध्येच निघतो.

दुसरी : स्पीकरची केबल बदला. इथे गिटारची केबल चालत नाही, स्पीकरचीच लागते.

तिसरी : मागे 'सेंड' आणि 'रिटर्न' असे दोन जॅक असतील तर आवाज गेलेला असतानाच त्यांच्यात एक छोटी केबल जोडा. आवाज आला तर रिटर्न जॅकच्या आतली पत्ती गंजलीय. जॅक वापरात नसला तरी बऱ्याच अँपमध्ये सिग्नल या पत्तीतूनच जातो. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात ती काळी पडते. अँप बंद करून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, प्लग दहा-बारा वेळा आत-बाहेर करा.

चौथी : तरीही आवाज आला नाही तर गिटार थेट रिटर्नमध्ये लावा. तिथे बारीक का होईना वाजली, तर दोष प्रीअँपमध्ये. तिथेही गप्प, तर पुढच्या भागात. एका केबलने अर्धा अँप संशयातून बाहेर!

पाचवी : अँप चालू ठेवून मागून एकेका व्हॉल्व्हला कोरड्या बांबूच्या काडीने हलकं टिचकवा. पेन्सिल वापरू नका, तिच्यातल्या शिशातून वीज वाहते. खरखर झाली किंवा आवाज गेला-आला तर व्हॉल्व्ह, त्याचा सॉकेट किंवा तिथला सांधा, तिघांपैकी एक. अँप बंद करून थंड झाल्यावर प्रीअँपचा व्हॉल्व्ह, बहुतेक १२एएक्स७, त्याच नंबरच्या चांगल्या व्हॉल्व्हने बदलून बघा. एका वेळी एकच. पॉवर व्हॉल्व्ह जुळलेल्या जोडीत बदलतात आणि बायस तपासावा लागतो. ते काम जाणकाराचं.

सहावी, फक्त जाणकारासाठी : सॉकेटचे डाग भिंगाखाली बघणं. व्हॉल्व्ह तापतो, थंड होतो, आणि वर्षानुवर्षं हे झालं की सोल्डरला बारीक चीर जाते. तापल्यावर ती उघडते.

म्हणूनच एक नियम लक्षात ठेवा. दुरुस्तीनंतर अँप पुन्हा कॅबिनेटमध्ये बसवून, किमान दोन तास वाजवून बघा. टेबलावर उघडा अँप थंड राहतो आणि दोष लपून बसतो. दोष डोळ्यासमोर आल्याशिवाय "झालं" म्हणायचं नाही.

४. बिल कसं करायचं?

समजा कारागिराचा तास तुम्हाला २५० रुपयांना पडतो. शोधायला दोन तास गेले, म्हणजे ५०० रुपये. क्लीनर लागला २० रुपयांचा. "फक्त जॅक साफ केला" म्हणून १५० रुपये घेतले, तर ३७० रुपये खिशातून गेले. आणि हे टाळायला न बिघडलेला व्हॉल्व्ह बदलून बिल फुगवलं, तर महिन्याभरात तेच गिऱ्हाईक त्याच तक्रारीसह परत येतं.

त्यामुळे तपासणी फी वेगळी ठेवा, अँप घेतानाच सांगा, कार्डवर लिहा. दोष सापडला नाही तर दुरुस्तीचा आकार घेऊ नका आणि तसं स्पष्ट बोला. बिलावर तीन ओळी हव्यात : काय सापडलं, काय केलं, किती वेळ चालवून बघितलं. लोक या तीन ओळींसाठी परत येतात.

नवीन व्हॉल्व्ह आता मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये बनतात. लॅमिंग्टन रोडला चौकशी करा, पण सुरुवातीला तपासणीपुरतेच दोन-तीन ठेवा. जास्त स्टॉक म्हणजे अडकलेलं भांडवल.

गृहपाठ : मंडळाचा मिक्सर असो, मंदिराचा लाउडस्पीकर असो की मिक्सर-ग्राइंडर, तुमच्या धंद्यातला एक "कधी चालतं, कधी नाही" जॉब घ्या. त्याचे चार प्रश्न आणि तपासणीचा क्रम एका पानावर लिहा आणि ते पान भिंतीवर लावा. उद्या तुम्ही दुकानात नसाल तेव्हा हाताखालचा मुलगा त्याच क्रमाने काम करेल. असा क्रम बसला की दुकान तुमच्याशिवायही चालायला लागतं.