बेथनल ग्रीन : एका भुयारी स्थानकाचा इतिहास

लंडनच्या पूर्व भागातील बेथनल ग्रीन हे भुयारी स्थानक रेल्वेसाठी खुले झाले ते ४ डिसेंबर १९४६ रोजी. त्याचा इतिहास मात्र त्यापूर्वीच सुरू होतो. महायुद्धामुळे सेंट्रल मार्गाच्या विस्ताराचे काम थांबले आणि १९४० पासून हे अर्धवट स्थानक हवाई हल्ल्यांच्या वेळचे आश्रयस्थान बनले. हजारो लोकांची सोय असलेल्या या जागेस प्रवेशद्वार एकच. जिना अंधारा, मधोमध कठडा नाही. प्रवेशद्वार सुधारण्याची परवानगी स्थानिक कौन्सिलने १९४१ मध्येच मागितली होती. वरिष्ठांनी तो खर्च नामंजूर केला.

३ मार्च १९४३ च्या रात्री भोंगा वाजला. जवळच्या व्हिक्टोरिया पार्कमधून सुटलेल्या विमानविरोधी अग्निबाणांच्या अपरिचित आवाजाने गर्दी पुढे लोटली. जिन्याच्या पायथ्याशी एक स्त्री पडली आणि मागून येणारे एकावर एक कोसळले. १७३ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत ६२ मुले होती. त्या रात्री तेथे एकही बॉम्ब पडला नव्हता, हे विशेष लक्षात घ्यावयास हवे.

दंडाधिकारी लॉरेन्स डन यांचा चौकशी अहवाल १९४५ पर्यंत गुप्त ठेवण्यात आला. तोवर लोकांचा रोष कौन्सिलनेच सोसला. तिची नामंजूर झालेली मागणी दप्तरात पडून होती. कठडा दुर्घटनेनंतर बसला. बळींचे स्मारक पूर्ण व्हावयास २०१७ साल उजाडले.