रात्रीची पाण्याची पाळी आणि मंद उजेड

खानदेशांतील बागाईतदारास रात्रीचें काम नवें नाहीं. शेतीपंपांस तीन फेजची वीज दिवसां आठ तास किंवा रात्रीं दहा तास अशी आळीपाळीनें देण्याची व्यवस्था महाराष्ट्रांत वर्षानुवर्षें चालत आली. २०१७ सालीं सौर कृषी वाहिनीची योजना निघाल्यापासून कांहीं वाहिन्यांवर वीज दिवसां मिळूं लागली आहे. परंतु ज्यांच्या वाहिनीवर हा लाभ अद्याप पोंचला नाहीं, त्यांना केळीचें पाणी रात्रींच भरावें लागतें. भुसावळच्या आसपासचा शेतकरी अशा वेळीं बांधावर उभा राहिला म्हणजे दीपनगरच्या वीजकेंद्राच्या दिव्यांनीं उजळलेली आकाशाची कड त्यास दिसते, आणि पायांखालीं मात्र मिट्ट काळोख असतो. त्या काळोखांत कोणता दिवा न्यावा याची चर्चा गांवोगांव होते. नेलेला दिवा किती लावावा, याची चर्चा मात्र फारशी ऐकूं येत नाहीं. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

घरोघरीं कंदील होता तेव्हां ही विद्या शिकवावी लागत नसे. अंगणांत वात वर, ओसरीवर थोडी खालीं, आणि घरांत मुलें निजलीं म्हणजे वात अगदीं बारीक, असें घरांतील बायामाणसांच्या हातवळणींच बसलेलें होतें. पुढें विजेरी आली आणि ही संवय मोडली, कारण जुन्या विजेरीस पेटणें आणि विझणें एवढेंच ठाऊक होतें. आतांच्या विजेरीस (खेड्यांत तिला बॅटरीच म्हणतात) उजेडाच्या तीन, चार, क्वचित् सहाहि पायऱ्या असतात. पण घेणारा दुकानांत उभा राहून भर दिवसां झोत समोरच्या भिंतीवर टाकतो आणि जिचा डाग मोठा ती विजेरी घरीं आणतो. हजार ल्यूमेनची म्हणून आणलेल्या त्या विजेरींत अर्ध्या किंवा एका ल्यूमेनची अगदीं खालची पायरी असली, तर ती पुष्कळांना कारखान्यांतील खोट वाटते. आमच्या मतें रात्रपाळी करणाऱ्या शेतकऱ्यास सर्वांत अधिक वेळ उपयोगी पडणारी पायरी तीच होय. तसें कां, हें समजण्यास प्रथम डोळ्याची रचना थोडी पाहिली पाहिजे.

डोळ्याच्या आंतील पडद्यावर प्रकाश जाणणाऱ्या पेशी दोन जातींच्या आहेत. शंकूच्या आकाराच्या पेशी भरपूर उजेडांत काम करतात. रंग आणि बारकावे त्यांच्यामुळें कळतात. दांड्याच्या आकाराच्या पेशी अंधुक उजेडांत काम करतात; त्यांना रंग कळत नाहीं, परंतु त्यांची जाण फार तीक्ष्ण असते. या दंडपेशींत एक जांभळट रंगद्रव्य असतें. तें उजेडानें विरतें आणि काळोखांत पुन्हा हळूहळू तयार होतें. उजेडांतून अंधारांत गेल्यावर शंकुपेशी आठ-दहा मिनिटांत आपल्या परीनें सावरतात, पण दंडपेशींस पूर्ण जोम येण्यास वीस ते तीस मिनिटें लागतात, आणि वय झालेल्या माणसास त्याहूनहि अधिक. अर्ध्या तासाच्या अखेरीस डोळ्याची शक्ति पहिल्या क्षणाच्या मानानें हजारों पटींनीं वाढलेली असते. ही अर्ध्या तासाची कमाई मोठ्या झोतानें कांहीं सेकंदांत खर्ची पडते. पंप चालूं करून विजेरी विझविल्यावर समोर काजवे चमकतात, चार पावलांवरील माणूस दिसत नाहीं, हा अनुभव प्रत्येकास आहे. पुन्हा दिसावें म्हणून आपण पुन्हा मोठा दिवा लावतों, आणि अशा रीतीनें रात्रभर डोळा एकदांहि अंधारास सरावत नाहीं.

आतां उजेड किती पुरे, याचा हिशेब करूं. एक ल्यूमेन प्रकाश एक चौरस मीटर जागेवर सारखा पसरला तर त्या जागेवर एक लक्स उजेड पडतो. पौर्णिमेचा चंद्र माथ्यावर असतां जमिनीवर सुमारें पाव लक्स उजेड असतो, आणि तेवढ्यांत आपण अंगणांत जेवूं शकतों व ओळखीचा माणूस चालीवरून ओळखतों. अर्धा ल्यूमेन देणारी विजेरी दोन चौरस मीटरवर पसरली तर हाच पाव लक्स हातीं येतो. म्हणजे जवळ बाळगलेलें पौर्णिमेचें चांदणेंच! विजेऱ्या करणारे कांहीं कारखानदार या पायरीस चांदण्याचेंच नांव देतात, आणि तें अगदीं यथार्थ आहे. शिवाय डोळ्याची मोजणी दिव्याच्या मोजणीप्रमाणें चालत नाहीं. उजेड चौथाईवर आणला तरी तो डोळ्यास निम्म्याहून अधिकच भासतो.

रात्रपाळींतील बरेंचसें काम हाताच्या अंतरावरचें असतें. ठिबकाचा व्हॉल्व्ह फिरविणें, दाबमापकाचा कांटा पाहणें, खताच्या टाकीचें झांकण उघडणें, पिशवींतून तपकिरीची डबी किंवा औषधाची गोळी काढणें, घड्याळ पाहणें. सरावलेल्या डोळ्यास यांपैकीं प्रत्येक कामास एक ते पांच ल्यूमेन पुरेसे होतात. हातभर अंतरावरील पांढऱ्या तबकडीवर मोठा झोत टाकल्यास ती उलट झगमगते आणि कांटाच दिसत नाहीं.

केळीच्या बागेंत हें विशेष जाणवतें. पानांचें छत जुळलेल्या बागेंत चांदणें जमिनीपर्यंत पोंचत नाहीं, म्हणून शेतकरी मोठा झोत लावतो. पण केळीचें पान गुळगुळीत व रुंद. झोत पहिल्या दोन-तीन पानांवर आपटून डोळ्यांतच परत येतो, आणि त्यामागील सर्व काळें होतें. हिवाळ्यांत पहांटे धुकें उतरलें असेल तर समोर पांढरी भिंतच उभी राहते. अशा वेळीं दिवा कपाळावर न ठेवतां कमरेच्या उंचीवर धरून जमिनीकडे वळवावा व उजेड कमी करावा. खोडांच्या ओळींमधील वाट लगेच अधिक स्पष्ट दिसूं लागते. बागेंत हा प्रयोग करून पाहण्यास पैसा लागत नाहीं.

येथें मात्र एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. चांदण्याएवढा उजेड वाट दाखवितो, साप दाखवीत नाहीं. घोणसाच्या अंगावरील साखळीसारखे तपकिरी ठिपके वाळक्या केळपानांच्या कचऱ्यांत दिवसांसुद्धां चटकन् नजरेंत भरत नाहींत. फुरसें तर मुरमांत मिसळूनच जातें. अंधुक उजेडांत रंग कळत नसल्यामुळें नेमका तोच फरक नाहींसा होतो. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीप्रमाणें २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतांत सर्पदंशानें सुमारें बारा लाख माणसें मरण पावलीं, आणि त्यांपैकीं निम्मीं पावसाळ्याच्या चार महिन्यांत. म्हणून पाय हलूं लागला कीं उजेड वाढवावा, पाय थांबला कीं कमी करावा. चालतांना पन्नास ते शंभर ल्यूमेनचा पसरट उजेड पुढील दोन-तीन पावलांवर असावा, पायांत उंच बूट असावे आणि हातांत काठी असावी. बॅटरी वांचविण्यासाठीं चालतांना मंद दिवा ठेवणें हा चुकीचा काटकसरीपणा आहे.

उलट बाजूहि तितकीच खरी आहे. पुष्कळ माणसें अंधारांत पाय टाकतात तीं दिवा नसतो म्हणून नव्हे. मोठा दिवा लावला तर शेजारीं निजलेला जागा होतो, डोळे दिपतात, किंवा पहांटेपर्यंत विजेरी पुरावी असें वाटतें, म्हणून तीं दिवा लावण्याचें टाळतात. मण्यार बहुधा रात्रीं आणि जमिनीवर निजलेल्या माणसास चावते, आणि तिचा दंश इतका सूक्ष्म असतो कीं कधीं कधीं तो समजतहि नाहीं. शेतांतील झोंपडींत खाट आणि मच्छरदाणी हा पहिला उपाय. दुसरा उपाय म्हणजे अगदीं खालच्या पायरीवर रात्रभर जळणारी विजेरी उशापाशीं ठेवणें. खाटेवरून पाय खालीं टाकण्यापूर्वीं तीच हातांत घेऊन उजेड क्षणभर वाढवावा, जमीन व चपला पाहाव्या आणि मग उतरावें. जो दिवा कोणास त्रास देत नाहीं आणि खर्चाच्या नांवानें कांहींच मागत नाहीं, तो माणूस प्रत्येक वेळीं हातीं घेतो. दंश झालाच तर कापाकापी, आवळपट्टी, मंत्र यांत वेळ न दवडतां १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी, चावलेला अवयव हलूं न देतां रोग्यास ज्या रुग्णालयांत सर्पविषावरील लस आहे तेथें न्यावें.

तांबड्या दिव्याविषयीं अलीकडे बरेच ऐकूं येतें. दंडपेशींस गडद तांबडा प्रकाश जवळजवळ जाणवत नाहीं, म्हणून तांबड्या उजेडांत त्यांचा सराव मोडत नाहीं, हें खरें आहे. जर्मन शरीरशास्त्रज्ञ ट्रेंडेलेन्बुर्ग यानें १९१६ सालीं याच तत्त्वावर तांबडे चष्मे केले, आणि दुसऱ्या महायुद्धांत वैमानिक रात्रीच्या उड्डाणापूर्वीं तसे चष्मे घालून बसत. आकाशांतील तारे पाहणारे लोकहि तांबडा मंद दिवा वापरतात. परंतु वैमानिकाचें व ताऱ्यांचें काम निराळें आणि आमचें निराळें. तांबड्या उजेडांत तांबडी व पांढरी वस्तु सारखीच दिसते. निळी, हिरवी व काळी या तिन्ही सारख्याच काळ्या दिसतात. स्टार्टरच्या पेटींत तांबडी, पिवळी व निळी अशा तीन फेजच्या तारा, काळी न्यूट्रल आणि हिरवी भूतार. त्या ओल्या जमिनीवर उभें राहून तांबड्या दिव्यानें ओळखूं पाहणें म्हणजे जीव पणास लावणें होय. शेतकऱ्यानें तांबड्या दिव्याच्या नादीं न लागतां किंचित् पिवळट छटेचा पांढरा मंद उजेड पसंत करावा. आणि स्टार्टरपाशीं मंद उजेडहि नको: तेथें मध्यम प्रतीचा स्वच्छ उजेड, दिवा कपाळावर, हात कोरडे, पायाखालीं कोरडी फळी. पेटी उघडून दुरुस्ती करण्याचें काम तर रात्रीं मुळींच करूं नये.

विजेरीच्या खर्चाचा हिशेबहि पाहण्यासारखा आहे. अठरा मिलिमीटर जाडीचा व पासष्ट मिलिमीटर लांबीचा जो लिथियमचा घट हल्लीं सर्वत्र वापरतात, त्यांत साधारण तीन हजार मिलिअँपिअर-तास वीज मावते. पूर्ण झोतास तीन अँपिअर लागले तर ती एका तासांत संपते; शिवाय दिवा तापून कांहीं मिनिटांतच आपोआप मंदावतो. सर्वांत खालच्या पायरीस दहा मिलिअँपिअर लागले तर तीच वीज तीनशें तास, म्हणजे बारा दिवसांहून अधिक पुरते. प्रत्यक्षांत आंकडा थोडा कमी येईल. पण दोन-तीन दिवस वीजच आली नाहीं तरी अशी विजेरी उजेड देत राहते.

घेतांना दुकानदारास दोन गोष्टी विचाराव्या. पहिली, विजेरी पेटवितांच कोणती पायरी लागते? जी प्रथम पूर्ण झोतानें पेटते आणि दोन-तीनदां दाबल्यावर मंद होते, ती डोळ्याचा सराव मोडल्यानंतरच मंद होते. तिचा उपयोग काय? कळ दाबून धरली असतां एकदम खालच्या पायरीवर पेटणारी, किंवा शेवटची पायरी लक्षांत ठेवणारी घ्यावी. दुसरी गोष्ट, खिशांत चुकून पेटूं नये म्हणून कळ अडकविण्याची सोय आहे काय? मंद उजेडांत हात जोरानें हलवून पाहावा. बोटें तुटक तुटक दिसलीं तर दिवा लुकलुकतो असें समजावें. अशा दिव्यानें ठिबकाचे थेंब भलतेच दिसतात आणि डोळा थकतो. ज्याची विजेरी जुनी व एकाच पायरीची आहे, त्यानें पूर्ण झोत न तापेल इतकाच वेळ कांचेवर तळहात ठेवून बोटांच्या फटींतून उजेड सोडावा. कंदिलाची वात खालीं करण्याचाच हा प्रकार आहे.

दुसऱ्याच्या डोळ्यांचा विचारहि यांत येतो. भुसावळ हें रेल्वेचें गांव. इंजिन हांकणारे रात्रीं आपल्या खोलींतील दिवे मंद ठेवतात हें येथें पुष्कळांस ठाऊक आहे. समोरून शेजारच्या रुळावर गाडी येत असतां पुढचा मोठा दिवा मंद करावा असा रेल्वेचा नियम आहे. बांधावर समोरून येणाऱ्या शेजाऱ्याच्या तोंडावर झोत मारणाऱ्यानें तोच नियम आपणांस लावून घ्यावा, कारण त्या शेजाऱ्यास पुढील कित्येक मिनिटें पायाखालील जमीन दिसणार नसते. जागलीस बसणारानेंहि माळ्यावर मोठा दिवा सतत ठेवूं नये. पाखरें व किडे गोळा होतात, आणि दिव्याच्या वर्तुळापलीकडे रानडुकरें आलीं तरी दिसत नाहींत. अंधारास सरावलेला माणूस एखादी हालचाल टिपावयाची असल्यास त्या जागेकडे सरळ न पाहतां किंचित् बाजूस पाहतो; नजरेच्या मध्यबिंदूवर दंडपेशी नसल्यानें बाजूनेंच अधिक दिसतें. संशय आला म्हणजे मग पूर्ण झोत सोडावा. जेथें बिबट्याचा वावर आहे, मग तें यावलकडील सातपुड्याच्या पायथ्याचें रान असो कीं २०१७ च्या हिवाळ्यांत ज्या भागांत बिबट्यानें माणसें मारलीं तो चाळीसगांवकडील गिरणेचा परिसर असो, तेथें एकट्यानें बसण्याचाच विचार सोडावा, आणि तेथें मोठा दिवा व मोठा आवाज हेच बरे.

शेवटीं, हें सर्व निरोगी डोळ्यास लागूं आहे. अर्धा तास अंधारांत बसूनहि ज्यास चांदण्यांत बांध दिसत नाहीं, बरोबरीचे लोक सहज चालतात तेथें जो ठेचाळतो, त्यानें विजेरी मोठी घेऊं नये, डोळे तपासून घ्यावे. दंडपेशींतील रंगद्रव्य ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनतें. तें कमी पडलें तर रातांधळेपणा येतो, आणि शेवग्याचा पाला, पपई, गाजर, दूध, अंडीं यांनीं तो पुष्कळदां हटतो. मोतीबिंदु असेल तर दिव्याचा झोत फांकून डोळ्यांत पसरतो व मंद उजेड अपुरा पडतो; त्यास शस्त्रक्रिया आहे. कांहीं घराण्यांत पिढीजात पडदा झिजण्याचा रोग असतो. अशा घरांतील मुलास रात्रीं पाण्यावर पाठविण्यापूर्वीं त्याचे डोळे नेत्रवैद्यास दाखवावे.