झाकण घट्ट, तर होडी तरते

रिकामी घागर पालथी धरा आणि पाण्यात दाबून बघा. ती खाली जात नाही. उलट आपलाच हात वर ढकलते. का बरे? तिच्यात हवा कोंडलेली असते. आता तीच घागर कलती करा. गुडगुड आवाज होतो, पाणी आत शिरते आणि घागर तळाला जाते. घागर तीच, पाणीही तेच. फरक आतल्या हवेचा. होडीचेही असेच आहे.

कयाक नावाची एक लहान होडी असते. ती लांब, अरुंद आणि वरून झाकलेली असते. मधल्या तोंडात माणूस पाय पसरून बसतो. त्याच्या वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात. ही होडी मूळची उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातली. ग्रीनलंडमध्ये मोठी झाडे फारशी नाहीत. तिथले इनुइट लोक समुद्रातून वाहत आलेल्या लाकडाचा सांगाडा करीत. त्यावर सील नावाच्या प्राण्याचे कातडे शिवीत. बसणारा माणूस आपला कातडी अंगरखा तोंडाच्या काठाला आवळून बांधी. म्हणजे माणूसच होडीचे झाकण झाला! होडी उलटली तरी आत पाणी फारसे जात नसे. वल्ह्याच्या जोरावर तो पुन्हा सुलटा होई.

आज पुष्कळ लोक प्लायवूडची कयाक घरीच बांधतात. तिच्यात पुढे एक आणि मागे एक असे बंद कप्पे ठेवतात. वरून झाकण असते. आत कपडे, शिदोरी कोरडी राहते. पण कप्प्याचे खरे काम निराळेच. मधल्या भागात पाणी भरले, तरी हे कप्पे होडीला वर धरतात. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. म्हणून ६० लिटरचा रिकामा कप्पा पाण्यात सुमारे ६० किलो भार तोलतो. झाकण गळके निघाले, की हा आधार गेला.

आम्हीही एक कयाक बांधली. रंग दिला, झाकण बसवले आणि मोठ्या ऐटीत तळ्यात उतरवली. अर्ध्या तासात मागची बाजू जड झाली. होडी वळेना. काठ जवळ होता, म्हणून निभावले. कप्पा उघडला तर आत पाणीच पाणी! मग आम्ही चुका शोधल्या. तीन सापडल्या.

पहिली चूक पट्टीची. झाकणाखाली आम्ही स्पंज लावला होता. स्पंज पाणी पितो. पट्टी न भिजणाऱ्या रबराची हवी. ओळखायचे कसे? तुकडा पाण्यात दाबून धरा, मग बाहेर काढून पिळा. पाणी निघाले, तर तो कामाचा नाही. तोंडाचे कोपरेही गोल ठेवावेत. टोकदार कोपऱ्यात पट्टी नीट बसत नाही. पट्टीची दोन टोके तिरकी कापून एकमेकांवर चिकटवावीत.

दुसरी चूक पट्ट्यांची. झाकण आम्ही दोन टोकांनाच आवळले होते. मध्ये ते उचलले गेले आणि फट पडली. झाकण सगळीकडून सारखे दाबले पाहिजे. त्यासाठी मध्येही पट्टा घ्यावा आणि झाकणाला आतून लाकडी पट्टी मारून ते ताठ करावे.

तिसरी चूक उन्हाची. काठावर होडी तापली. आतली हवा फुगली आणि थोडी बाहेर गेली. गार पाण्यात उतरताच उरलेली हवा आकसली. तिने फटीतून पाणी आत ओढून घेतले. उपाय सोपा आहे. कप्प्याच्या आडव्या भिंतीला वरच्या बाजूला सुईच्या टोकाएवढे छिद्र ठेवावे. हवा ये-जा करते. पाणी आलेच, तर थेंब-थेंब.

बाकी ती भिंत मात्र तळापासून वरपर्यंत चिकटलेली हवी. १९१२ साली टायटॅनिक नावाचे मोठे जहाज हिमनगावर आदळून बुडाले. त्यालाही आत भिंती होत्या. पण त्या पुरेशा उंच नव्हत्या. एका कप्प्यातले पाणी भिंतीवरून दुसऱ्यात गेले. सुमारे १,५०० माणसे प्राणाला मुकली.

झाकण बसवले की परीक्षा घ्यावी. कप्प्यात एक बादली पाणी ओता. झाकण आवळा. दोघांनी मिळून होडी पालथी करा आणि थोडा वेळ थांबा. जिथे थेंब दिसेल, तिथे खडूने खूण करा. दुरुस्त करा आणि पुन्हा बघा. एकही थेंब पडेनासा झाला, तरच पाण्यात जा. झाकणाला दोरी बांधून ठेवा, म्हणजे ते वाहून जाणार नाही. आणि झाकण कितीही चांगले असो, अंगात तरंगते जाकीट घालाच.

आमची होडी पाचव्या खेपेला पास झाली. पाण्यात गेल्यावर झाकण तपासणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे. तपासणी काठावरच करावी. तिथे चूक झाली, तर फक्त पाय भिजतात.

सांगा पाहू :
१. पालथी घागर पाण्यात का बुडत नाही?
२. झाकणाखाली स्पंज का लावू नये?
३. तुमच्या घरात धान्याला ओल लागू नये म्हणून झाकण कसे बसवता?