*हळद शिजवायच्या आधी कुऱ्हाड बघा: तोडायची वेगळी, फोडायची वेगळी*



फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद शिजवायला लागली की लाकूड पुरवता पुरवता नाकी नऊ येतात. ओलं लाकूड धूर जास्त अन् आच कमी देतं. म्हणून लाकूड आताच फोडून ठेवा. फोडलेलं लाकूड अख्ख्या ओंडक्यापेक्षा लवकर वाळतं.

बऱ्याच घरी सगळ्या कामाला एकच कुऱ्हाड असते. तिथंच कष्ट वाढतात.

*1) पातं*
▪️ तोडायला: पातळ पातं, वजन 1 ते 1.5 किलो. ते लाकडाचे आडवे धागे कापतं.
▪️ फोडायला: पाचरीसारखं जाड होत गेलेलं पातं, वजन 2 ते 2.5 किलो. ते कापत नाही, लाकूड दोन्हीकडं ढकलून उकलतं.
पातळ कुऱ्हाडीनं बाभळीचा ओंडका फोडायला गेलं की पातं रुतून बसतं. मग ते हिसकताना दांडा मोडतो.
एकच घेणं परवडत असेल तर जे काम जास्त, त्याची घ्या. जड आहे म्हणून चांगली, असं नाही. शंभर घाव घालता येतील एवढंच वजन घ्या.

*2) दांडा*
लांबी साधारण अडीच फूट. लाकडाच्या रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ पाहिजेत. रेषा तिरप्या बाहेर निघाल्या किंवा मध्ये गाठ असली तर तिथंच मोडणार. धामण किंवा वाळलेली बाभूळ चांगली. रंग लावलेला दांडा घेऊ नका, रंगाखाली चीर दिसत नाही.

*3) धार*
कानस हलकी फिरवून बघा. नुसती घसरली तर धार फार कडक, टवके उडतील. लोण्यासारखी कापत गेली तर फार मऊ, लगेच बोथट होईल. थोडी धरून चालली तर पाणी बरोबर दिलेलं आहे.

*4) ढिली कुऱ्हाड*
उन्हाळ्यात दांडा आटतो अन् पातं हलायला लागतं. आपण रात्रभर पाण्यात ठेवतो. सकाळी घट्ट वाटतं, पण वाळलं की आणखी ढिलं होतं. ऐन घावात पातं उडालं तर समोरच्याचा जीव जाऊ शकतो. नवीन पाचर ठोका, दांड्याला जवसाचं तेल चोळा. तरी हललं तर दांडा बदला.

*5) फोडताना*
▪️ ओंडका ठोकळ्यावर उभा करा. मधोमध नको, कडेला किंवा आधीच्या चिरेवर घाव घाला.
▪️ गाठीच्या लाकडाला लोखंडी पाचर अन् घण वापरा. कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूनं घणाचं काम करू नका, नेढं फाकतं.
▪️ पायात बूट, पाय फाकलेले, गळ्यात उपरणं नको. लेकरं दूर.

*लक्षात ठेवा:* साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ ही झाडं बांधावरची असली तरी 1964 च्या वृक्षतोड कायद्यानुसार परवानगीशिवाय तोडता येत नाहीत.

आज एवढंच करा: घरची कुऱ्हाड उचला अन् पातं हलवून बघा. हललं तर आधी दांडा, मग लाकूड.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी, गोरेगाव