जुने गोवे ते पणजी : दोघांसाठी दोन दिवसांचा अभ्यास



“गोव्याला गेलात का?” असे आपल्या धर्मग्रामातील कोणत्याही जोडप्याला विचारले तर उत्तर बहुधा ‘हो’ असेच येते. लग्नाला जातो, दुखवट्याला जातो, फेस्ताला जातो. पण कोणाचेही काम नसताना, फक्त दोघांनी मिळून गोव्याची राजधानी पाहायला म्हणून गेलेली जोडपी फार थोडी. आम्ही उभयता लग्नाला तीस वर्षे झाल्यावर 2025 च्या फेब्रुवारीत तसे गेलो. खरे तर संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनाला जायचे होते. ते 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 असे खुले होते. पण पत्नीचे गुडघे आणि तिथली गर्दी यांचा मेळ बसेना, म्हणून राहिले. हे दर्शन दहा वर्षांनी एकदा होते. “पुढच्या खेपेला मी चालती असेन का?” असे ती म्हणाली, आणि मी लगेच एस.टी.ची तिकिटे काढली.

रात्रीच्या गाडीने हातखंबा, लांजा, राजापूर, कणकवली असे करत पहाटे सावंतवाडी येते. 2005 पासून आपल्या सिंधुदुर्ग धर्मप्रांताचे हे मुख्य ठिकाण. पुढे बांदा, पत्रादेवीचा नाका, म्हापसा, आणि मांडवीवरचा पूल ओलांडला की पणजी. 2023 पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट आहे, पण ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती आहे, हे लक्षात असू द्यावे.

आता अभ्यासाचा मुद्दा. गोव्याची राजधानी पाहायची म्हणजे दोन शहरे पाहावी लागतात. पहिले जुने गोवे, पणजीपासून सुमारे 10 किलोमीटरवर. पोर्तुगीजांनी ते 1510 साली जिंकले आणि दोनशेहून अधिक वर्षे त्यांचा पूर्वेकडचा सगळा कारभार तिथून चालला. पण पाणी दूषित, विहिरींत घाण झिरपणारी, आणि साथीमागून साथी. माणसे मरत गेली, उरलेली निघून गेली. 1759 साली व्हाइसरॉय स्वतः पणजीला आदिलशहाच्या जुन्या वाड्यात राहायला आले आणि 1843 साली पणजी रीतसर राजधानी झाली. राजधानी गमावलेला माणूस कसा असतो हे आपण रत्नागिरीकर थोडेफार जाणतो. मंडालेचा थिबा राजा 1886 साली आपल्या गावी आणला गेला आणि 1916 साली इथेच वारला. जुने गोवे पाहताना मला त्याच्या राजवाड्याची आठवण येत होती. निघण्यापूर्वी दोघांनी इब्री लोकांस पत्र, अध्याय 13, ओवी 14 वाचून घ्यावी. आम्ही ती एस.टी. स्टँडवर वाचली.

आधी जुने गोवे आणि मग पणजी, हा क्रम सोडू नये. बहुतेक जण उलट करतात आणि संध्याकाळी दमून बॅसिलिकेत शिरतात.

बॉम जेझू बॅसिलिकेचे बांधकाम 1594 साली सुरू झाले आणि 1605 साली तिचे पवित्रीकरण झाले. संत फ्रान्सिस झेवियर 3 डिसेंबर 1552 रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील सांचियन बेटावर निधन पावले. त्यांचा देह आधी मलाक्काला आणि 1554 साली गोव्याला आणला गेला. आज तो ज्या चांदीच्या पेटीत आहे ती गोव्याच्या सोनारांनी 1637 च्या सुमारास घडवली. खालचा संगमरवरी चौथरा मात्र इटलीतला. टस्कनीचे ड्यूक तिसरे कोझिमो यांनी दिलेला आणि फोज्जिनी या शिल्पकाराने घडवलेला हा चौथरा 1698 साली बसवला गेला. पेटी खूप उंचावर आहे. खालून फारसे काही दिसत नाही. मला वाटले, ही निराश होणार. पण ती बाकावर बसली ती तासभर उठलीच नाही. माझ्या हातात पाहायच्या ठिकाणांची यादी होती. दोनदा घड्याळ दाखवले, तेव्हा म्हणाली, “अहो, तुम्ही जाऊन या. मी यांच्याशी बोलतेय.” मी बाहेर येऊन चहा घेतला.

समोरच से कॅथेड्रल आहे, अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरिनला वाहिलेले. गोवा जिंकला तो दिवस, 25 नोव्हेंबर, तिच्या सणाचा होता. कॅथेड्रलचा एक मनोरा 1776 साली कोसळला, म्हणून दर्शनी बाजू एकांगी दिसते. गोव्यातील सर्वात मोठी घंटा उरलेल्या मनोऱ्यात आहे.

या चौकातच एके काळी इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मन्यायालयाचा वाडा होता. आज तिथे काहीच नाही, म्हणून लोक पुढे जातात. आपण थांबावे. हे न्यायालय 1560 साली सुरू झाले, मधली चार वर्षे बंद होते आणि 1812 साली कायमचे गेले. अनेक कुटुंबे या धाकाने गोवा सोडून बाहेर पडली. संत फ्रान्सिस झेवियर यांनीच 1546 साली पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून असे न्यायालय मागितले होते, हेही खरे. ते सुरू होण्याआधी आठ वर्षे त्यांचे निधन झाले होते. पत्नीला हे मी तिथेच सांगितले. तिने बॅसिलिकेकडे वळून पाहिले आणि म्हणाली, “मघाशी सांगितले असते तर त्यांना विचारले असते.”

तिथून थोडे दूर संत पॉल कॉलेजची एक कमान तेवढी उभी आहे. भारतातला पहिला छापखाना 1556 साली या कॉलेजात सुरू झाला. तो खरे तर ॲबिसिनियाला निघाला होता, पण गोव्यातच राहिला. आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांसाठी ही कमान महत्त्वाची आहे. 1579 साली गोव्याला आलेले येशूसंघीय इंग्रज धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओव्यांत रचले. ते 1616 साली राशोल येथे छापले गेले, पुढे 1649 व 1654 साली पुन्हा. पुढे 1684 साली व्हाइसरॉयनी हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. त्या तीन छपायांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखिते राहिली, म्हणून 1907 साली मंगळूरला ग्रंथ पुन्हा छापता आला.

शेवटी टेकडीवरचा संत ऑगस्टिनचा भग्न मनोरा पाहावा. उंची सुमारे 46 मीटर. 1835 साली धर्मसंघ बंद झाले, मठ ओस पडला. 1842 साली छत कोसळले, 1931 साली दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. जॉर्जियाची राणी केतेवान हिला 1624 साली इराणात ठार मारले गेले. तिचे अवशेष ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी इथे आणले होते. 2004 साली उत्खननात एक अस्थी मिळाली, 2013 साली डीएनए तपासणीने ती तिचीच असल्याचे मानले गेले, आणि 2021 साली ती जॉर्जियाला देण्यात आली. गुडघे दुखत असूनही पत्नी इथे चढून आली, ती या राणीची गोष्ट ऐकून.

या मनोऱ्याची घंटा लक्षात ठेवावी. आधी ती आग्वादच्या दीपस्तंभात गेली आणि 1871 साली पणजीच्या निष्कलंक मातेच्या चर्चमध्ये आली. पांढऱ्या नागमोडी पायऱ्यांचे चर्च म्हणून आपण ते ओळखतो. रविवारी सकाळी आम्ही तिथे कोंकणी मिस्सा ऐकली. तीन वाक्यांतले दोन तरी समजत होते. पायऱ्या चढायला वीस मिनिटे आधी निघालो होतो. गुडघेदुखी असलेल्यांनी तेवढा वेळ हाताशी ठेवावा.

पण त्याआधी, शनिवारी संध्याकाळी, आम्ही फोंताइन्हास या जुन्या वस्तीत गेलो होतो. अरुंद गल्ल्या, कौलारू घरे, आणि टोकाला संत सेबास्तियनचे छोटे चॅपल. आतला क्रूस इन्क्विझिशनच्या वाड्यातला आहे. वाडा बंद झाल्यावर तो व्हाइसरॉयच्या वाड्यात आला आणि 1918 साली या चॅपलमध्ये. आपल्या सर्व क्रुसांवर प्रभूची मान कललेली आणि डोळे मिटलेले असतात. इथे मान ताठ आणि डोळे उघडे आहेत. आरोपींच्या मनात भीती बसावी म्हणून तसे घडवले, असे सांगतात. आत आम्ही दोघेच होतो. पत्नी म्हणाली, “त्या लोकांनीही याच डोळ्यांकडे पाहिले असेल ना? आणि शिक्षा सांगणाऱ्यांनीही.” मला उत्तर सुचले नाही. आम्ही त्या माणसांसाठी एक ‘आमच्या बापा’ म्हटली. मराठीत.

रविवारी दुपारच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. बांद्याच्या पुढे ती झोपली. राजापूरला जाग आल्यावर पहिला प्रश्न, “ती घंटा उतरवून बैलगाडीने नेली असेल की होडीने?” कोणाला ठाऊक असल्यास मिस्सेनंतर जरूर सांगावे.